टोरांटोहून तीन तास लवकर

त्सोन्का जिन्यावरून पडली ती नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेआठला. वेळ नक्की माहीत असण्याचं कारण तिचा नवरा. झाफिर कुंचेव धावत बाहेर आला, बायकोला खाली पडलेलं बघितलं, आणि तिला हात द्यायच्या आधी मनगटावरच्या घड्याळाकडे त्याची नजर गेली. त्सोन्काने ते पाहिलं. खुब्याचं हाड मोडलेलं असतानाही ती म्हणाली, "वेळ लिहून ठेव हं, नाहीतर विसरशील."

साडेनऊला त्याने इस्पितळाच्या व्हरांड्यातून टोरांटोला फोन लावला. मुलगी तिकडे असायची. नेदा दुसऱ्या घंटीलाच बोलली. "येते मी, बाबा," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती आपल्या गावी, प्लोवदिवच्या इस्पितळात, आईच्या खाटेपाशी उभी होती. हातात एक छोटी पिशवी, केस नीट विंचरलेले.

त्सोन्का रडली, नेदा रडली, शेजारच्या खाटेवरची बाईही रडली. झाफिर मात्र खिडकीशी जाऊन बोटांवर काहीतरी मोजत बसला.

हा माणूस बावीस वर्षं विमानात नॅव्हिगेटर होता. म्हणजे वैमानिकाच्या मागे, छोट्या टेबलाशी बसून, विमान आत्ता नेमकं कुठे आहे आणि कुठे कधी पोहोचेल हे नकाशावर काढायचं काम. चार पंख्यांची मालवाहू विमानं घेऊन ते सोफियाहून आफ्रिकेत जायचे. शंका घेणं हा त्याचा स्वभाव होताच, पण त्या नोकरीत त्याला शंका घेण्याचाच पगार मिळायचा. एकदा तर त्या शंकेने जीवही वाचवले. अठ्ठ्याहत्तर साली त्रिपोलीहून कानोला जाताना खाली वाळवंटात धुळीचा पडदा पसरला होता आणि जमीन अजिबात दिसत नव्हती. दोन हजार तीनशे किलोमीटरचं अंतर, जेमतेम सव्वाचार तासांचा रस्ता. दिशा दाखवणारा रेडिओचा काटा सांगत होता की सगळं ठीक आहे. झाफिरला तो काटा फार शहाण्यासारखा वागतोय असं वाटलं. त्याने सेक्स्टंट काढला, सूर्याची उंची मोजली, पुन्हा मोजली, आणि कप्तान बोगोएवला सांगितलं की वाऱ्याने आपल्याला एकशेचाळीस किलोमीटर बाजूला ढकललंय.

"काटा खोटं बोलतोय होय?" बोगोएव ओरडला.

"काट्याला बोलायला येत नाही. मी बोलतोय. डावीकडे वळवा."

बरीच वादावादी झाली. शेवटी बोगोएवने शिव्या देत विमान वळवलं. धावपट्टीवर उतरले तेव्हा टाकीत बारा मिनिटांचं इंधन होतं. त्या संध्याकाळी बोगोएवने सगळ्यांसमोर त्याचे दोन्ही गाल चुंबले. झाफिरच्या डोक्यात त्या दिवशी जे पक्कं बसलं ते पुढे कधी निघालं नाही. सगळं ठीक आहे असं कुणी सांगितलं की त्याच्या मनात पाल चुकचुकायचीच.

पुढे नवी विमानं आली, त्यांच्यात यंत्रं आली आणि नॅव्हिगेटरची खुर्ची काढून टाकली गेली. झाफिर एक्केचाळिसाव्या वर्षी घरी बसला. मग शाळेत भूगोल शिकवला, पाण्याच्या मीटरांची नोंद घेत हिंडला आणि संशय घेण्याचं सगळं काम घरात आणलं. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची गोळी, टीव्हीवरचं हवामान. आणि वाढत्या वयाची मुलगी.

"कुठून आलीस?"

"ग्रंथालयातून."

"ग्रंथालय इथून अकरा मिनिटांवर आहे. सहाला बंद होतं. आत्ता सात वाजलेत."

नेदा मग खरं सांगायची किंवा आणखी बरं खोटं शोधायची. प्लामेन नावाच्या मुलाशी लग्न करून ती कॅनडाला निघाली तेव्हा झाफिर विमानतळावर, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला होता, "हा मुलगा डोळ्यात बघून बोलत नाही. पाच वर्षं टिकलं तर माझं नाव बदला." या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत ती तीनदा आली होती.

तर आता तो इस्पितळाच्या खिडकीशी बोटं मोजत होता. टोरांटो ते सोफिया, सरळ रेषेत सात हजार सातशे किलोमीटर. थेट विमान नाही. टोरांटोहून युरोपकडची विमानं संध्याकाळी सुटतात. अगदी पाचचं धरलं तरी प्लोवदिवच्या घड्याळात मध्यरात्र. आठ तास समुद्रावरून. मग विमान बदलायचं, त्याचे दीड-दोन तास. सोफियापर्यंत आणखी सव्वादोन. तिथून मोटारीने दोन. कितीही ओढूनताणून बसवलं तरी दुपारचे दोन वाजायला हवेत. आणि ही अकराला उभी.

जेवणाच्या वेळी त्याने विचारलंच. "तीन तास कुठून आणलेस, नेदा?"

"कुठले तीन तास?"

"लवकर आलीस. तीन तासांनी."

नेदाने सूपमधला चमचा फिरवला. "वारा मागून होता, बाबा."

मागच्या वाऱ्याने किती वाचतं हे झाफिरला कुणी सांगायची गरज नव्हती. फार फार तर तासभर. शिवाय आणखी एक गोष्ट त्याच्या मनात आली होती. त्याने फोन केला तेव्हा टोरांटोत रात्रीचे अडीच वाजले असणार. मग हिने दुसऱ्या घंटीला फोन कसा उचलला? आणि आवाजात झोप कशी नव्हती?

चार दिवस राहून ती गेली. झाफिरने कपाटातून जुनी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: तीन तास.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी साडेसातला तिचा व्हिडिओ फोन यायला लागला. तिच्याकडे म्हणे दुपारचे साडेबारा. त्सोन्का खुब्याचं, फिजिओथेरपीचं, शेजारणीच्या सुनेचं सांगायची. झाफिर मागे बसून पडद्याच्या कडा बघायचा. नेदाच्या मागे भिंत होती, निळ्या-पांढऱ्या फरशांची. टोरांटोत भिंतीला फरशा? एकदा कुठूनतरी कोंबडा आरवला. एकदा प्लामेनबद्दल विचारलं तर "कामाला गेलाय," म्हणाली. रविवारी?

"चित्रकार आहे का तो, रविवारी कामाला जायला?" झाफिरने फोन संपल्यावर विचारलं.

"चित्रकार रविवारी कामाला जातात हे तुला कुणी सांगितलं?" त्सोन्का म्हणाली. "उगाच मुलीच्या मागे लागू नकोस."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, बोलता बोलता वाऱ्याने नेदाच्या बाजूचा पडदा उडाला आणि तिच्या मागच्या फरशांवर उजेडाचा एक पट्टा पडला. नारिंगी, आडवा, लांबलचक. झाफिर खुर्चीत पुढे सरकला. दुपारच्या साडेबाराचं ऊन असं नसतं. दुपारचं ऊन पांढरं असतं आणि वरून येतं. हे ऊन मावळतीचं होतं. तो बघत राहिला. पट्टा वर सरकला, लाल झाला आणि सात बावन्नला विझला.

त्याच्या स्वतःच्या खिडकीत त्या दिवशी सूर्य पाच चाळीसला मावळला होता. ते त्याने लिहून ठेवलं होतंच, तो रोजच लिहायचा.

दोन तास बारा मिनिटं. झाफिर त्या संध्याकाळी जेवला नाही. डोक्यात एकेक घाणेरडी शक्यता येत होती. मुलीला कुणी कोंडून ठेवलंय. मुलगी तुरुंगात आहे आणि तिथून फोन करतेय. नाही, तुरुंगात असले पडदे नसतात. कर्ज काढून पळालीय. प्लामेनने तिला कुठेतरी विकलंय. प्लामेनचा खूनच झालाय आणि हिला ते माहीत आहे. शेवटची शक्यता त्याला त्यातल्या त्यात बरी वाटली याची त्याला लाज वाटली.

पण एका मोजणीवर भरवसा ठेवणारा तो नव्हता. मार्चच्या मध्यावर त्याने दुसरी घेतली. तोवर दिवस मोठा झाला होता, आणि तिकडचा सूर्य मावळायला फोन सुरू झाल्यापासून तासभर तरी लागणार होता. म्हणून अकरा वर्षांत मुलीशी धड दहा वाक्यं न बोललेला हा माणूस त्या रविवारी फोन हातात घेऊन बसला तो सोडेचना.

"टोमॅटोची रोपं लावलीत यंदा," तो म्हणाला.

"हो?" नेदाला नवल वाटलं.

"चार जातींची. पहिली जात गुलाबी. तिचं बी मी तीन वर्षांपूर्वी..."

चारही जाती झाल्या. मग मिरच्या. मग गच्चीच्या गळतीवरून इमारतीच्या बैठकीत कोण कुणाला काय म्हणालं ते. त्सोन्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नवऱ्याकडे टक लावून बघत होती. नेदाच्या डोळ्यांत मात्र हळूहळू काहीतरी बदललं. ती गालावर हात ठेवून ऐकायला लागली, मधेच हसलीसुद्धा. झाफिरची नजर तिच्या मागच्या भिंतीवर होती. आठ चाळीसला भिंत करडी झाली.

"अंधारलं का गं तिकडे?"

"हो, भरून आलंय एकदम. पाऊस येईलसं वाटतंय."

"किती वाजले तुझ्याकडे?"

तिने मनातल्या मनात हिशेब केला, हे त्याला दिसलं. "पावणेदोन होत आले."

झाफिरने फोन त्सोन्काकडे दिला आणि बाल्कनीत गेला. कॅनडात घड्याळं युरोपच्या आधी पुढे सरकवतात. मार्चमधले दोन-तीन आठवडे फरक सातचा सहा होतो. टोरांटोत राहणाऱ्या बाईचं घड्याळ आत्ता पावणेतीन दाखवत असतं. ही सातच वजा करत होती. म्हणजे तिच्या भिंतीवर टोरांटोचं घड्याळसुद्धा नव्हतं.

बाकीचं काम अर्ध्या तासाचं होतं. त्याच्या खिडकीत सूर्य मावळला सहा अठ्ठावीसला, तिच्याकडे आठ चाळीसला. पुन्हा दोन तास बारा मिनिटं. ऋतू बदलला तरी फरक बदलला नाही, म्हणजे ती प्लोवदिवइतकीच उत्तरेला आहे. चार मिनिटांना एक अंश, म्हणजे तेहतीस अंश पश्चिमेला. त्याने भूगोलाच्या नकाशावर पट्टी ठेवली. बोट थेट पोर्तुगालच्या किनाऱ्यावर गेलं. आणखी एक अंश पुढे गेलं की नुसता समुद्र. त्या अक्षांशावर मोठं गाव एकच होतं, पोर्तो.

सात हजार सातशे नाही. सोफियाहून दोन हजार सहाशे तीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बायकोला सांगितलं, "मी गुरुवारी पोर्तोला चाललोय."

त्सोन्का बीन्स निवडत होती. तिने वर बघितलं नाही. "बरं," म्हणाली.

बरं? पोर्तोत कोण आहे, काय आहे, तिकीट कसं काढलंस, काही नाही? झाफिर तिच्याकडे बघत राहिला. बुधवारी तिने त्याची बॅग भरली. ल्युतेनित्साच्या, म्हणजे मिरची-टोमॅटोच्या चटणीच्या, दोन बरण्या, आणि घरात घालायच्या लोकरीच्या चपलांचा एक नवा जोड.

"या कुणासाठी?"

"तुला. थंडी वाजेल."

झाफिरने चपला उलट्या करून तळव्यावरचा आकडा वाचला. सदतीस. त्याच्या पायाला त्रेचाळीस लागायचा. त्याने चपला परत बॅगेत ठेवल्या. आता घरातही नजर ठेवावी असं एक माणूस निघालं होतं.

विमानात तो प्रवासी म्हणून तीस वर्षांनी बसला. समोरच्या छोट्या पडद्यावर विमानाचं चित्र नकाशावरून सरकत होतं. किती किलोमीटर राहिले, किती मिनिटं राहिली. त्याने पडद्यावर रुमाल टाकला आणि घड्याळ, वेग आणि खिडकीतली किनारपट्टी यांवर स्वतःचा हिशेब केला. उतरल्यावर त्याचा हिशेब चार मिनिटांनी चुकला होता. पडद्याचा किती चुकला हे त्याने पाहिलं नाही.

पोर्तोच्या विमानतळाबाहेर, टॅक्सीच्या रांगेजवळ उभं राहून त्याने फोन लावला.

"नेदा, किती वाजलेत तुझ्याकडे?"

"बाबा? आज गुरुवार आहे. आईला काही..."

"आई ठीक आहे. किती वाजलेत?"

"साडे... साडेआठ. सकाळचे."

"माझ्या समोर घड्याळ आहे. दीड वाजलाय. मी पोर्तोच्या विमानतळावर उभाय, तीन नंबरच्या दारापाशी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तिथून हलू नका. तासाभरात येते."

शहर तर वीस मिनिटांवर आहे, तासभर कशाला? कुणाला घराबाहेर काढतेय? काय लपवतेय? झाफिर बॅगेवर बसून येणारी प्रत्येक गाडी तपासत राहिला. एक तास पाच मिनिटांनी एक लहान राखाडी गाडी थांबली. नेदा उतरली. तिच्या अंगावर मातीचे डाग पडलेला एप्रन होता, घाईत काढायचा राहिलेला.

"पोर्तोत नसते मी," ती पहिलंच वाक्य बोलली. "अवेइरोत असते. सत्तर किलोमीटर चुकलात."

"भिंतीआड सूर्य किती आधी गेला ते कळत नव्हतं," झाफिर म्हणाला. "दोन हजार सहाशेत सत्तर. वाईट नाही."

ती हसणार होती, पण तिला रडू आलं. टॅक्सीवाले बघायला लागले तशी ती त्याला ओढतच समोरच्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेली.

तिथे सगळं निघालं. प्लामेनशी घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती. लग्न सात वर्षं टिकलं. टोरांटोत ती दीड वर्ष एकटी राहिली, मग फरशा रंगवण्याच्या एका कारखान्यात काम मिळालं म्हणून इकडे आली. खून नाही, तुरुंग नाही, कर्ज नाही. झाफिर कान देऊन ऐकत होता आणि सवयीने प्रत्येक वाक्याला तारखा जोडून बघत होता. तारखा जुळत होत्या.

"मग टोरांटो कशाला?" त्याने शेवटी विचारलं. "अडीच वर्षं! युरोपात आलीस हे तरी सांगायचंस."

नेदाने कप बाजूला ठेवला. "टोरांटो लांब आहे, बाबा. तिथून कुणी ईस्टरला येत नाही, नाताळला येत नाही, आणि का आली नाहीस असं कुणी विचारत नाही. इथून साडेतीन तास लागतात. साडेतीन तासांवर असलं की यावं लागतं. आलं की तुमच्यासमोर बसावं लागतं."

"मी काय खातो का तुला?"

"तुम्ही म्हणाला असता, 'मी विमानतळावरच सांगितलं होतं.'"

ते वाक्य झाफिरच्या जिभेवर आलेलंच होतं. अगदी त्याच शब्दांत. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि पूर्ण संपवला. मग म्हणाला, "सात वर्षं टिकलं. मी पाच म्हणालो होतो. चुकलोच की."

नेदा त्याच्याकडे बघत राहिली. यात टोमणा कुठे आहे ते ती शोधत होती. आपली मुलगी आपल्याच नजरेने आपल्याकडे बघतेय हे झाफिरला कळलं, आणि त्याला ते आवडलं नाही.

तो नऊ दिवस राहिला. तिच्या खोल्या कालव्याच्या काठी, एका म्हाताऱ्या बाईच्या घराच्या वरच्या मजल्यावर होत्या. खाली अंगणात कोंबडा होता. पहिल्या दिवशी त्याने तिच्या न्हाणीघरात दाढीचा एक ब्रश बघितला. तो नवाही नव्हता आणि तिचाही नव्हता. बाहेर आला तर नेदा दारातच उभी होती. त्याने तो बघितला हे तिने बघितलं होतं.

"जेवायला काय आहे?" झाफिरने विचारलं.

"मासे," नेदा म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशीपुरतं एवढंच झालं. पण नंतरच्या दिवसांत तो कारखान्यात तिच्या शेजारी स्टुलावर बसून तिला निळा रंग ओढताना बघायचा, संध्याकाळी कालव्याकाठी फिरायचा. चपला तिच्या पायात बरोबर बसल्या होत्या.

प्लोवदिवला परतल्यावर त्याने बूट काढायच्या आधी बायकोला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"इस्पितळात सांगितलं तिने. तू बोटं मोजत होतास तेव्हा."

"पाच महिने! आणि मला एक शब्द नाही?"

"ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस, उलटतपासणी करतील. मी म्हटलं, नाही सांगत." त्सोन्काने काठी टेकवून खुर्ची ओढली. "आणि तुला त्या नकाशात एवढं गुंतलेलं बघितलं. कित्येक वर्षांत तिच्याशी तू एवढा वेळ बोलला नव्हतास. मिरच्यांवर तर अर्धा तास. म्हटलं, चालू दे."

झाफिर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला लागला कारण त्सोन्काने स्वतःचं तिकीट काढलं होतं. "तू बघून आलास, आता मी जाते. महिनाभर. एकटी."

"काठी घेऊन?"

"काठी विमानात चालते, विचारलंय मी."

ती मे महिन्यात गेली. झाफिर पहिल्यांदाच घरात एवढे दिवस एकटा राहिला. पहिल्या रविवारी साडेसातला फोन वाजला. पडद्यावर त्सोन्का आणि नेदा शेजारी शेजारी, आणि मागे कुणीतरी दाढीवाला माणूस प्लेटा घेऊन आला आणि चटकन बाजूला झाला.

"जेवलास का?" त्सोन्काने विचारलं. "बीन्सचं सूप केलंस?"

"केलं. झकास झालंय."

ओट्यावरचं पातेलं बुडाशी काळं होऊन पाण्यात भिजत पडलं होतं, आणि करपल्याचा वास अजून खोलीत होता. झाफिरने फोन जरा डावीकडे वळवला.

त्सोन्काने पडद्यात वाकून त्याच्याकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली, आणि कालव्यातल्या बोटींबद्दल सांगायला लागली.